अॅसिडात राहिलेला तुकडा

संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. गिरणी बंद झाली आणि तिथे साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे वडील नायगावच्या आमच्या खोलीत बसून राहिले, कित्येक वर्षं. मी संशोधन करत होते तेव्हा घर माझ्या शिष्यवृत्तीवर चालायचं, आणि तीही संपत आली होती.

सिलिकॉनच्या चकतीचा तुकडा हायड्रोफ्लोरिक अॅसिडात ठेवून वीज सोडायची, असं माझं काम. अॅसिड त्याला आतून पोखरतं. मागे उरणारे स्फटिक पुरेसे बारीक झाले, तर जांभळ्या दिव्याखाली केशरी उजळतात. परदेशात उजळत होते. माझे काळेच राहायचे. माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं की या महिन्यात काही दिसलं नाही तर शिष्यवृत्तीला मुदतवाढ मागणार नाही. तुकडे दोनच उरले होते.

त्यातला एक चालू असताना अंगठा ठणकायला लागला. वर काहीच दिसेना. मग हातमोजा पाहिला. त्याला बारीकसं भोक होतं. हे अॅसिड कातडीवर खूण न ठेवता हाडापर्यंत उतरतं. मी वीज बंद केली, कॅल्शियमचं मलम चोपडलं आणि परळच्या हॉस्पिटलात गेले. बसमध्ये हात गुडघ्यांत दाबून धरला होता.

शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप मिळाला तसे वडील आले. अंगठा उलटसुलट करून बघितला.

"आमच्या साच्यात बोट गावला तर रगात तरी दिसायचा," ते म्हणाले. "ह्या कसला काम तुझा?"



दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले ती टेबल आवरायलाच. तुकडा अजून अॅसिडातच होता. धुतला, पडदे ओढले आणि निव्वळ सवयीने दिवा लावला. तो केशरी उजळला. फिका, पण सबंध. वीज बंद केल्यावरही अॅसिड त्याला झिजवत राहिलं होतं, एवढंच हवं होतं. मी स्टुलावर बसले आणि रडले.

अॅसिड तसंच टाकून गेले म्हणून सर आधी रागावले. मग शेवटचा तुकडा त्यांनी समोर उभं राहून करायला लावला. बँडेजच्या हाताने केला. रात्रभर अॅसिडात ठेवला. तोही उजळला.

"वर्षभराच्या मुदतवाढीचं बघतो," सर म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं, किती? वर्षभर, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.