कपाटातला भारी चाकू

मित्रहो, आजच घडलेले लगेच लिहितो.

घडीचा चाकू एकच महागडा घ्यावा की स्वस्तातले चार, यावर मी मागे याच ब्लॉगवर सविस्तर लिहिले होते. उत्तम पोलादाची धार टिकते आणि उघडलेले पाते पक्के अडकून राहते, अचानक मिटत नाही, म्हणून मी एकच घेतला. पत्नीने मात्र सोनपेठच्या बाजारातून चार साधे आणले आणि एक पर्समध्ये टाकला.

आज दुपारी गंगाखेडहून येताना, मागे बसलेल्या तिने उन्हासाठी तोंडाला आणि गळ्याला गुंडाळलेल्या स्कार्फचे टोक मोटारसायकलच्या चेनमध्ये गुंतले. मी गाडी थांबवली, पण गळ्याभोवतीचा फास सुटेना. तिला श्वास घेता येईना. मी खिसे चाचपले. माझा चाकू, हरवू नये म्हणून, घरी कपाटात होता!

तिने पर्सकडे बोट दाखवले. त्यातल्या चाकूने स्कार्फ कापला गेला. पाते मिटून माझे बोटही कापले.

श्वास सावरल्यावर ती म्हणाली, "अहो, तुमचा भारी चाकू कपाटात लय सुखरूप हाय ना?"

मला हसता आले नाही. पोलादाबद्दल लिहिलेले सगळे आजही बरोबरच आहे. पण सांगा, तुमचा चाकू या क्षणी कुठे आहे?