खोप्यातली ऊब

निमोण्याच्या धुरपदाबाईंचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं हिंडण्यात गेलं. सासऱ्यांनी शेत घेतलं, विहीर पाडली, तेव्हा कुठं घर एका जागी थांबलं. आता शेती मुलगा मल्हार बघतो, सून मोनिका रांजणगावच्या कंपनीत जाते. धुरपदाबाईंना मात्र अजूनही सगळ्यांच्या आधी जाग येते.

माघातली गोष्ट. विहिरीवर वाकलेली बाभूळ मल्हार तोडणार होता. तिच्या काटक्या मोटारीवर पडायच्या. बाभळीला सुगरणीचे जुने खोपे लोंबत होते. त्यांतली पिल्लं पावसाळ्यातच उडून गेलेली. मोनिका सासूला म्हणाली, "आत्या, झाड पडायच्या आत दोन खोपे काढून ठेवा. पडवीत टांगू."

उजाडताना धुरपदाबाई घोंगडी पांघरून विहिरीवर गेल्या. बोटं गारठून काठीसारखी झाली होती. आकडीनं त्यांनी फांदी खाली ओढली, खोप्याच्या फुगीर पोटाला तळवा लावला, आणि हात तिथंच राहिला.

खोपा गरम होता.

आत काहीतरी हळूच थरथरलं. गाभण मेंढीच्या पोटावर हात ठेवल्यावर कोकरू हलतं ना, अगदी तसं. त्यांनी श्वास रोखला, फांदी अलगद सोडली आणि मागं सरल्या. ऊन वर आलं तसं खालच्या तोंडातून एक इवलंसं, मातकट रंगाचं पाखरू बाहेर पडलं. मग दुसरं, मग एकामागून एक, थांबेचनात. ओंजळीत मावेल एवढ्या जागेत आख्खा गोतावळा निजला होता.

धुरपदाबाई घोंगडी सावरून तिथंच बसल्या. तान्हा मल्हार पोटाशी आणि पाठीला मेंढी, अशा माळावर काढलेल्या थंडीच्या रात्री त्यांना आठवल्या.

मल्हार करवतवाल्याला घेऊन आला. "आये, सर बाजूला."

"आज न्हाई."

"का? रिकामे तर हायेत खोपे."

"उद्या पहाटं ये आन् मग सांग मला रिकामे का भरल्याले."

करवतवाला चहा पिऊन परत गेला. मल्हार दिवसभर धुसफुसला. पण दुसऱ्या दिवशी कानाला मफलर गुंडाळून आलाच. पाखरं बाहेर पडायला लागली तसा त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "येवढी समदी मावली कशी गं आये?"

मोनिकानं मोबाईलवर शोधलं. त्या मुनिया होत्या. थंडीत दुसऱ्याच्या जुन्या घरट्यात दाटीवाटीनं निजतात, पिसं फुगवून त्यांत हवा कोंडून धरतात. "म्हंजी आंगचीच गोधडी की!" धुरपदाबाई म्हणाल्या.

शिवरात्रीला थंडी शिव शिव करत गेली. मल्हारनं मोटारीकडच्या तेवढ्या फांद्या छाटल्या, खोप्यांची बाजू राखली.

धुरपदाबाईंचं पहाटेचं बसणं सुटलं नाही. परवा गार वारं सुटलं तेव्हा त्यांनी मोनिकाला हाक मारून विजेच्या तारेकडं बोट केलं. हिरवेगार वेडे राघू खांद्याला खांदा लावून बसले होते, फुगून चेंडू झालेले. कडेचा एक उडाला आणि थेट मधोमध शिरला. सगळी रांग दोन्हीकडं थोडी सरकली, त्याला जागा झाली, आणि पुन्हा एकाला एक चिकटली.

कंपनीची बस हॉर्न देत होती. मोनिका हलेना.