लंडनच्या कोथिंबिरीचा भाव

लॉकडाउनमध्ये दर शनिवारी मेलबर्नमधल्या डँडेनॉन्गच्या इंडियन ग्रोसरीबाहेर तो रांगेत माझ्या पुढे असायचा. मास्कमुळे चेहरा अर्धाच दिसायचा आणि नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या मोबाइलमध्ये लंडनचं बजेट होतं. भाडं, कौन्सिल टॅक्स, ट्यूब रेल्वेचा पास, कोथिंबिरीची जुडी. हो, जुडीसुद्धा! तिथे नोकरी नव्हती, सरकार देशाबाहेर पाऊल टाकू देत नव्हतं, आणि हा गृहस्थ लंडनची कोथिंबीर महाग म्हणून हळहळायचा.

"कुंडीत लाव," मी एकदा म्हटलं.

"कुंडी हिशोबात धरलीय. मातीचे पैसे वेगळे," तो गंभीरपणे म्हणाला.

घरी नवऱ्यासमोर मी त्याची हुबेहूब नक्कल करायचे.

इतकं करून बजेट तुटीतच, तेही एका ओळीमुळे: वर्षातून दोनदा भारत.

"उडव ना ती ओळ," मी सुचवलं.

"मग लंडन कशाला? तिथून निदान आईकडे जाता तरी येतं."

मध्ये दोन शनिवार तो दिसला नाही. तिसऱ्या शनिवारी आला आणि सवयीने हात लांब करून मोबाइल दाखवला. भारताची ओळ गायब होती.

"अरे वा, बसलं की बजेट!" मी हसून म्हटलं.

"हो. आई गेली. सगळं फोनवरच पाहिलं." मग मोबाइल खिशात घालत त्याने विचारलं, "आता लंडनला जाऊन काय करू, सांग."