काळी की अक्रोडी

नाबलुसच्या जुन्या गावात मुंझिरने मढवलेली एकही तसबीर नाही, असं घर सापडायचं नाही. लग्नाचे फोटो, पदव्या, कुराणातल्या आयती तो मढवायचाच, पण दुसऱ्या इंतिफादाच्या, सैन्याविरुद्धच्या उठावाच्या, त्या वर्षांत त्याच्याकडे बहुतेक एकच काम यायचं. मारला गेलेला कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, ओळखपत्रावरच्या फोटोवरून मोठा करून आणलेला. आणणारा माणूस टेबलाशी नुसता उभा राही. शेवटी मुंझिरलाच विचारावं लागे, "काळी की अक्रोडी?" सैन्याच्या नाक्यांवरून लाकडी पट्ट्या दोनच रंगांच्या येत होत्या. अशा कामाचे त्याने कधी पैसे घेतले नाहीत.

रिफअत त्याचा शाळेपासूनचा मित्र, वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायचा. त्याचा धाकटा भाऊ हुसाम गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेला आणि तिथेच गोळी लागून गेला. चौथ्या दिवशी रिफअत फोटो घेऊन दुकानात आला. मुंझिरने त्याला मिठी मारली, चहा मागवला आणि मग विचारलं, "काळी की अक्रोडी?"

रिफअतने त्याच्याकडे पाहिलं. "काळी," म्हणाला आणि चहा तसाच ठेवून निघून गेला.

पुढच्या महिन्यात चित्र छापून आलं. गल्लीतून एक पोरगा पाव खात चाललाय, चांगला जिवंत, आणि झुपकेदार मिशांचा एक तसबीरवाला टेप लावून त्याच्या छातीचं माप घेतोय. खाली तीनच शब्द: काळी की अक्रोडी?

गाव हसलं. संचारबंदीने पिचलेल्या लोकांना हसायला काहीही पुरत होतं. मुंझिरने मिशा काढून टाकल्या, तर लोक उलट जास्तच ओळखू लागले. त्याचा मुलगा वाइल तेव्हा बारा वर्षांचा. शाळेत पोरं त्याच्यासमोर छाती काढून उभी राहायची, "घे, माप घे." तो मारामाऱ्या करून सुजलेल्या तोंडाने घरी यायचा. अठराव्या वर्षी तो सरहद्दीचा पूल ओलांडून अम्मानला मामाकडे गेला, तो तिकडचाच झाला. आई गेली तेव्हा आला आणि तीन दिवस राहून परतला. पण मुंझिरला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्या चित्रानंतर, गेलेल्या पोरांच्या आया फोटो घेऊन दुसऱ्या दुकानात जाऊ लागल्या.

रिफअतला पुढे सैन्याने दोनदा पकडून नेलं. मुंझिर त्याच्या घरी एकदाही गेला नाही. मध्ये दोन गल्ल्या, आणि वीस वर्षं एकमेकांना सलाम नाही.

मग एका सकाळी रिफअतची मुलगी लमीस पुठ्ठ्यांत बांधलेला गठ्ठा घेऊन दुकानात आली.

"काका, बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवतोय. साबणाच्या जुन्या कारखान्यात. त्रेपन्न चित्रं आहेत."

"गावात बाकीचेही मढवणारे आहेत, पोरी."

"आहेत ना. बाबा म्हणाले, तुमच्याकडेच द्यायची."

"मग तो का नाही आला?"

"उजवी बाजू गेलीय त्यांची. दुसऱ्यांदा सोडल्यावर झटका आला." सांगून सांगून तिचा आवाज बोथट झाला होता.

मुंझिर एकेक चित्र उलटत गेला. नाक्यावर बाळंत झालेली बाई, आणि बाळाच्या मुठीत आधीच ओळखपत्र. आपल्याच एका मंत्र्याची खुर्ची, तिला मुळं फुटून लोकांच्या पावात शिरलेली. अधेमधे कुठेतरी ते चित्र आलं.

"हे फार गाजलं होतं म्हणतात," लमीस म्हणाली. ते छापून आलं तेव्हा ती चार वर्षांची होती. "हा माणूस कोण, ते काही बाबा सांगत नाहीत."

"असेल कुणीतरी," मुंझिर म्हणाला आणि चित्र पालथं ठेवलं.

काम अकरा दिवस चाललं. ते चित्र त्याने सगळ्यात शेवटी घेतलं. माप चुकलं, एक काच वाया गेली. बाकीच्यांना बारीक काळी पट्टी लावली होती, ह्यालाही तीच लावली.

उद्घाटनाला जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण चित्रं टांगायला जाणता माणूस हवा होता. शेवटचा खिळा ठोकून तो वळला, तर मागे चाकाच्या खुर्चीत रिफअत.

"मिशा कुठायत?" रिफअतचे शब्द एका बाजूने घसरत होते.

"तूच काढायला लावल्यास."

मुंझिरने हातोडी खाली ठेवली.

"ते चित्र मुद्दाम पाठवलंस माझ्याकडे?"

"हो. दुसऱ्याने मढवलं असतं, तर पुन्हा तुझ्या पाठीमागे केल्यासारखं झालं असतं." रिफअतने दम घेतला. "हुसामला जाऊन चार दिवस झाले होते, मुंझिर. आणि तू रंग विचारलास. गोळी घालणाऱ्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता. तू जवळ होतास."

"मला विचारावंच लागायचं रे."

"माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं."

मुंझिर खाली बसला. वीस वर्षं तो धरून चालला होता की रिफअतचा गैरसमज झाला असेल.

"वाइल बारा वर्षांचा होता," तो म्हणाला.

रिफअतच्या डोळ्यांतून पाणी आलं. झटक्यानंतर ते कधीही यायचं, त्यामुळे ते कशाचं, हे मुंझिरला कळलं नाही.

"उतरवायला सांगू का?" रिफअतने विचारलं.

चित्रासमोर मदतीला आलेली कॉलेजची दोन पोरं हसत उभी होती. "राहू दे," मुंझिर म्हणाला.

प्रदर्शन दहा दिवसांचं होतं. पाचव्या दिवशी सकाळी सैन्य जुन्या गावात शिरलं. चार तासांनी गेलं तेव्हा गल्लीत तिघे मेले होते आणि कारखान्याच्या एकाही खिडकीला काच उरली नव्हती. दालन पुन्हा उघडलंच नाही.

हिवाळ्यात रिफअत गेला. मुंझिर शोकाचे तिन्ही दिवस मांडवात दाराशी बसून होता, बिनसाखरेची कॉफी पीत. अम्मानहून वाइलचा फोन आला.

"बाबा, तुम्ही गेला होतात म्हणे."

"हो."

"माफ केलंत त्याला?"

"नाही."

"मग कशाला गेलात?"

मुंझिरने विचार केला. "लमीस एकटी पडलीय. खुर्च्या मांडायला माणूस नव्हता."

मग वाइलने विचारलं, थंडी किती आहे, स्टोव्ह पेटतो का. "ईदला येईन म्हणतोय," तो म्हणाला.

ईदच्या आठवड्यात सरहद्दीवरचा पूल बंद होता.