गुरुवारी मी तो काढून ठेवत असे

नवऱ्याला हे माहीत नाही. मुलीलाही नाही. तुम्हाला सांगतेय ते तुम्ही समोर नाही म्हणून — धीट आहे म्हणून नव्हे. धीटपणाचं मी नुसतं दुकान मांडलं होतं.

माझा डावा स्तन कॅन्सरमुळे काढला. तेव्हा कुणी काही विचारलं नाही. सही करा म्हणाले, केली. पुढे त्याच इस्पितळात, मुंबईला, पोटाचं मांस घेऊन नवा स्तन तयार करायची सोय झाली आणि डॉक्टरांना एकदम बायकांचं मत विचारायची उपरती झाली! वसई-विरारकडच्या बायकांशी बोलायला त्यांना मी सापडले. एक छापील कागद दिला — एका बाजूला नुसतं काढणं, दुसऱ्या बाजूला नवा करून घेणं, दोन्हींचे फायदे, दोन्हींचे त्रास. सगळं समजावून सांगा, ठरवू दे तिचं तिला. एवढंच काम होतं. शेंबड्या पोरालाही जमलं असतं.

दर गुरुवारी दुपारी माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटवर कुणीतरी इस्पितळाची चिठ्ठी घेऊन यायची. मी चहा द्यायची, आणि सपाट छातीवरचा पदर सारखा करत म्हणायची — बघ, माझं काय अडलं? जीव वाचतोय ते बघ, नवा कसला करून घेतेस? त्या बघत राहायच्या. महिला मंडळाने मला शाल-श्रीफळ दिलं. घेतलं मी. का नाही घ्यायचं?

आता ऐका. ती सपाट छाती फक्त गुरुवारची होती. नणंदेने मस्कतहून सिलिकॉनचा स्तन आणला होता — वजनाला, हाताला, अगदी हुबेहूब. तो ब्लाउजमध्ये घातल्याशिवाय मी दूधवाल्याला दार उघडत नसे. गुरुवारी जेवण झालं की तो काढायचा, कपाटात साड्यांखाली सरकवायचा, आणि बेल वाजायची वाट बघायची. नाटकातल्या बायका रंग लावून उभ्या राहतात. मी रंग पुसून उभी राहत होते.

का? त्यांचं ते बघणं मला आवडायचं — हे एक. आणि दुसरं, जे सांगायला जीभ वळत नाही — मला जे कुणी विचारलं नव्हतं ते ह्या बायकांना आयतं ताटात वाढून मिळावं? ह्यांना?

हिरा अर्नाळ्याची. सुके बोंबील विकायची, चाळिशीच्या आतबाहेरची. ती मात्र ठरवूनच आली होती. नवरा म्हणाला होता तुझं तू बघ, जाऊ म्हणाली होती तुझी पाटी मी उचलते. तिला नवा हवा होता. मी कारण विचारलं — जसा काही माझ्याकडे अर्जच करायचा होता. "आंग धुताना माजा आंग मना पुरा दिसाय पायजे," एवढंच म्हणाली.

मला हसू आलं. खरंच आलं. अंगाला मासळीचा वास, आणि हौस बघा!

टेलिफोनखाली ठेवलेला तो छापील कागद मी काढलाच नाही. पोट फाडतात, कंबर कायमची जाते, पाटी पुन्हा उचलता येणार नाही, असं सांगितलं. कागदावर 'काही महिने' होतं. 'कायमची' माझं. तिने विचारलं, "तुमी लग्नाकार्याला जाता तवा, ताई?"

"अशीच जाते," मी म्हणाले.

तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला लाज नाही, मग मला कसली, असं म्हणत ती उठली. चिठ्ठीवर मी लिहून दिलं — 'पेशंटला नको आहे.'

पुढच्या वर्षी माणिकपूरच्याच एका हॉलमध्ये नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या मुलीचं लग्न होतं. हिरा नवरीची मावशी निघाली. नवी साडी, एक बाजू सपाट, आणि पदर लपवायला म्हणून घेतलेला नव्हे — ताठ चालत होती. मला बघून हसत हसत आली. आणि तिची नजर माझ्या छातीवर थांबली.

"मंग मना कशाला नको बोलल्या, ताई?"

हळू विचारलं तिने. एवढ्या गर्दीत माझी अब्रू तिनेच सांभाळली. आणि मी? खोटं बोलले म्हणायचं होतं. नुसती मान खाली घालून उभी राहिले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "तुला कशाला हवा होता गं?" तोंडावर. ठसक्यात.

तिने पदर दोन्ही हातांनी छातीवर ओढून धरला आणि लग्न लागायच्या आधीच हॉलमधून निघून गेली. अक्षता पडल्या तेव्हा नवरी मान वळवून मावशीला शोधत होती. मी टाळ्या वाजवल्या. मग पंगतीला बसले, आणि जिलेबी दोनदा मागून घेतली.