मालूची आई

मालू गेल्याचा निरोप कचेरीत आला, तेव्हा हातातला अर्ज पुरा करूनच मी उठलो. हे आधी सांगतो, कारण महिनाभर जो तो येऊन "बहिणीसाठी किती केलंत हो" म्हणून जातो आहे. मी काय केलं ते मला ठाऊक आहे.

मालू माझी चुलतबहीण. काका रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. तिथं त्यांनी एका ब्रह्मी बाईशी संसार मांडला. ती वारली, तेव्हा सात वर्षांच्या मालूला त्यांनी आमच्या रत्नागिरीच्या घरी आणून सोडलं आणि परत गेले ते गेलेच. आईने तिला खाऊपिऊ घातलं, स्तोत्रं शिकवली. पण सणाच्या पंगतीत तिचं पान नेहमी पडवीत. शाळेत पोरी तिला 'चिनीण' म्हणत. इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या राजाच्या परिवाराबरोबर येऊन इथंच राहिलेली एक ब्रह्मी म्हातारी गावात आहे असं कळल्यावर, पंधरा वर्षांची मालू हट्टाने मला घेऊन तिच्याकडे गेली. आठवत होते ते चार शब्द बोलली. म्हातारी खदखदून हसली आणि मला मराठीत म्हणाली, "ही तुमचीच हो!" परतताना मालू म्हणाली, "दादा, त्यांना मी तुमची वाटते, तुम्हाला त्यांची... मग मी कोणाची रे?" मी चिडवून वेळ मारून नेली.

तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा आईने पढवून ठेवलं होतं, "आईचं माहेर राजापूर सांग हो. तेवढं नीट बोल गो बाई." मुलाच्या आईने नेमकं तेच विचारलं. मालू म्हणाली, "माझी आई ब्रह्मदेशची. मंडालेची." पोहे तसेच राहिले. पुन्हा स्थळ आलं नाही. आईने तिच्याशी बोलणं टाकलं. मालू मुलींना शिवण शिकवत पडवीलगतच्या खोलीत राहिली आणि तिशीच्या आतच तापाने गेली.

दहाव्याला पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्याची इच्छा ओळखून शब्द द्यायचा असतो. शिवणयंत्र तिच्या विद्यार्थिनीला देऊ म्हटलं. खोलीत दिवा लावू म्हटलं. कावळे माडावरून हलेनात. भटजी हळूच म्हणाले, "अहो, आणखी काही राहिलं असेल... तुम्हालाच ठाऊक." ठाऊक होतं. 'तुझ्या आईला यापुढे लपवणार नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि दापोलीहून आलेले होणारे व्याही शेजारीच उभे होते. मी तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी आंघोळीला गेली.

घरचं माणूस गेलं की वर्षभर मंगलकार्य करत नाहीत. मालूसाठी एवढं पाळायला नको असं घरात ठरलं, आणि मीही मान डोलावली. गेल्या आठवड्यात लग्न लागलं. आता व्याही सोयरीक मोडू शकत नाहीत, म्हणून हे लिहिण्याचा शूरपणा मला सुचतो आहे.

तिच्या खोलीच्या दारामागे पेन्सिलीने दोन शब्द लिहिलेले आहेत: मा टिन. तिच्या आईचं नाव. कचेरीतून आलो की मी दार लोटून ते वाचतो. मोठ्याने अजून म्हणवत नाही. बाहेर माणसं असतात.