चाकं बघणारा माणूस

कॅनडात, मिसिसागामध्ये माझ्या मुलीच्या शाळेच्या कोपऱ्यावर मुलांना रस्ता पार करून देणारा एक म्हातारा असतो. दाराएवढा रुंद, पण गुडघे कामातून गेलेले. दोन वर्षं रोज भेटतो, नाव मी कधी विचारलं नाही. तरुणपणी तो अमेरिकेत फुटबॉल खेळायचा, लाइनबॅकर म्हणून. म्हणजे बॉल हातात घेऊन धावत येणाऱ्याला आडवं करायचं, एवढंच काम. नंतर इथल्या एका टीममध्ये आला आणि इथलाच झाला.

बर्फ भुरभुरत असला की तो स्वप्नात पाहिल्यासारखा दिसतो. किंचित वाकलेला, हातात 'थांबा'ची लाल पाटी. माझी मुलगी कुरकुरते, "आई, ही इज सो स्लो!"

परवा एका गाडीवाल्याने मला हसून 'जा' अशी खूण केली. मुलीचा हात धरून मी पाऊल टाकलंसुद्धा. तेवढ्यात म्हाताऱ्याचा हात आमच्यापुढे आडवा आला. गाडी बर्फावरून घसरत समोरून निघून गेली.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"मी चेहरा बघत नाही, चेहरा फसवतो. खेळताना समोरच्याची कंबर बघायचो, आता चाकं बघतो. ती थांबली नव्हती."

"खेळायचात तेव्हा लोक किती टाळ्या वाजवत असतील!"

"हो, समोरचा पडला की वाजवायचे." त्याने पाटीवरचा बर्फ पुसला. "इथे कुणी पडत नाही. छान शांत असतं."

मग तो रस्त्यात उतरला. मुलगी त्याच्या शेजारून, त्याच्याच चालीने, सावकाश पलीकडे गेली.